लॅपटॉपवर चहा सांडलाय, तांदळात किती दिवस ठेवू?

एक मिनिटही नको. तांदळाचं नाव वाचलं म्हणूनच लिहायला बसले.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या लॅपटॉपवर अख्खा कप चहा उपडा झाला, दूध-साखरेचा. मी भाजी आणायला गेले होते. परत येते तर धाकट्या दिरांनी परातीत आंबेमोहोर ओतून लॅपटॉप त्यात पुरलेला. झाकण मिटलं म्हणजे बंद झाला असं त्यांना वाटलं, बाजूचा दिवा लुकलुकतच होता. "वहिनी, तांदूळ पाणी ओढतो, दोन दिवस हात लावू नका."

अहो, ओल्या सर्किट बोर्डातून वीज वाहत राहिली की तांबं खाल्लं जातं, हिरवा थर धरतो. आणि पाणी सुकलं तरी दूध-साखर आतच राहते. ती तांदूळ कशी ओढणार?

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण हात विसरलेले नाहीत. दिरांशी वाद नको म्हणून लॅपटॉप बंद करून गप्प राहिले. रात्री सगळे झोपल्यावर मागचे स्क्रू काढले, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. ओघळ कीबोर्डखालून मदरबोर्डपर्यंत गेला होता. साखर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मुलीने टॉर्च धरला होता. यूएसबीच्या खाचेतून तांदळाची कणी निघाली, ती चिमट्याने काढली. दीड दिवस पंख्याखाली ठेवला.

चालू झाला. कीबोर्ड तेवढा नवा घालावा लागला. घरात मात्र अजून सांगतात, तांदळाने वाचला. २०२४ मध्ये अ‍ॅपलनेही आयफोन तांदळात ठेवू नका, कण आत जाऊन बिघाड होईल असं सांगितलं. ती बातमी मी दिरांना पाठवली. उत्तर आलं नाही.

तुम्ही चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, तंबूसारखा पालथा ठेवा. हेअर ड्रायर नको. उघडता येत नसेल तर आजच दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि चहा सांडला हे खरं सांगा. आपोआप बंद पडला म्हणालात तर तो भलतीकडेच शोधत बसेल.

हो, वॉरंटी असेल तर स्वतः उघडण्याआधी विचार करा. अल्कोहोल गॅसजवळ वापरू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर हात लावू नका. आणि हे सगळं लॅपटॉपपुरतं. मायक्रोवेव्हमध्ये काही सांडलं तर घरी उघडूच नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते.