दूरदर्शनवरच्या जुन्या पोलिसी मालिका खरंच जास्त वास्तव होत्या, की आपल्याला आठवणींमुळे तसं वाटतं?

वास्तव होत्या, पण सगळ्याच बाबतींत नाही. मी नाशिकच्या पोलीस लाईनीत वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे टीव्हीसमोर बसणाऱ्यांतले निम्मे जण खाकीतलेच असायचे. दिवसभर जे काम करून आलेत तेच काम पडद्यावर बघायला ही माणसं का बसतात, हे मला लहानपणी समजायचं नाही. आता समजतं. आपलं काम कुणीतरी नीट पाहिलंय का, हे त्यांना बघायचं असायचं.

मी बोलतेय त्या मालिका म्हणजे मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’, रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आणि हिंदीतली १९८९ची ‘उडान’. ‘एक शून्य शून्य’मध्ये शिवाजी साटम आणि दीपक शिर्के होते. तिचं नावच पोलीस नियंत्रण कक्षाच्या तेव्हाच्या नंबरवरून घेतलेलं. आज महाराष्ट्रात आपण ११२ लावतो, पण आमच्या पिढीच्या तोंडात अजून शंभरच बसलाय.

खुनी कोण, याच्याशी नानांना फारसं देणंघेणं नसायचं. त्यांची नजर टेबलावर असायची. स्टेशन डायरी उघडी आहे का, फिर्यादीला बसायला बाकडं दिलंय का, शिपायाने टोपी कुठे ठेवलीय. जुन्या मालिकांत तपासाला वेळ लागायचा. साहेब एका साक्षीदाराकडे जायचे, तो घरी नसायचा, दुसऱ्या दिवशी परत जायचे. एखादा माणूस खुर्चीत बसून सावकाश जबाब लिहून घेतोय, असं दृश्य मिनिटभर चालायचं आणि मागे संगीत नसायचं. आज तेवढ्या वेळात तीन पाठलाग उरकतात. त्या संथपणाला आपण ‘जुना काळ’ म्हणतो, पण पोलिसांचं काम आजही त्याच गतीने चालतं.

पंचनाम्याचंच बघा. घटनास्थळ पंचनाम्याला दोन पंच लागतात आणि ते मिळवणं हेच निम्मं काम. नाना सांगायचे, रात्री दोन वाजता नाशिकच्या भद्रकाली भागात कुठून आणायचे पंच? पानटपरीवाला शटर ओढून घेतो, रिक्षावाला आजारी पडतो. लोकांचंही चुकत नाही. आज सही केली की पुढे कैक वर्षं कोर्टाच्या तारखा मागे लागतात. कसेबसे दोघे मिळाले की लिहायला सुरुवात: जागेची चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, मयताचं डोकं कोणत्या दिशेला, जमिनीवर काय काय पडलेलं. हे सगळं कार्बन कागद घालून, गुडघ्यावर पॅड ठेवून, कुणीतरी बॅटरी धरलेली. मग मुद्देमाल पाकिटात, त्यावर पंचांच्या सह्यांची लेबलं आणि लाखेचं सील. नानांच्या बोटांवर लाखेचे चटके असायचे. आई त्यावर खोबरेल लावायची आणि काही विचारायची नाही.

हे सगळं दूरदर्शनने दाखवलं असा माझा दावा नाही. पण पंचनामा नावाची एक गोष्ट असते, ती कागदावर होते आणि पुढे कोर्टात पंच फुटला तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते, याची जाण त्या लिहिणाऱ्यांना होती. माझ्यासाठी वास्तव ते हेच. रक्त किती लाल दाखवलं, शिव्या किती दिल्या, त्याने मला काही फरक पडत नाही.

नंतर आली ‘सीआयडी’, जानेवारी १९९८ मध्ये. ती ‘एक शून्य शून्य’वाल्या बी. पी. सिंग यांचीच आणि साटमही त्यात होते, म्हणून मी तिच्याबद्दल जपून बोलते. सिंग यांना खऱ्या वेळाची समज नक्की होती. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता चित्रित केला. पण दर आठवड्याला नवा खून हवा, करता करता दीड हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या मागणीत पंच शोधायला वेळ कुठून येणार? मग गुन्हेगार शेवटी सगळ्यांसमोर कबुली देतो आणि भाग संपतो. कायद्यात मात्र पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. त्याच्या सांगण्यावरून हत्यार किंवा चोरीचा माल सापडला, तर त्या शोधापुरतं बोलणं तेवढं ग्राह्य धरतात, आणि त्यासाठी पुन्हा पंचांसमोर निवेदन पंचनामा करावा लागतो. म्हणजे मालिका जिथे संपते तिथे ठाण्यातलं काम सुरू होतं. प्रयोगशाळेचंही तेच. ‘सीआयडी’तले डॉक्टर साळुंखे नळी हलवून लगेच निकाल सांगतात. नाना ज्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणायचे, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, त्याची महिनोन्‌महिने वाट बघावी लागायची.

‘उडान’ मला सगळ्यांत खरी वाटते. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीची भूमिकाही केली. त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य प्रत्यक्ष आयपीएस अधिकारी होत्या आणि २००४ मध्ये उत्तराखंडच्या, म्हणजे देशातल्याही, पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. कल्याणी वर्दी घालते ती बऱ्याच उशिरा. त्याआधी घरच्या मालमत्तेचा वाद, वडिलांवरचा हल्ला, कुणी दाद न देणं, हे सगळं येतं. माणूस पोलीस का होतो, ते त्यात होतं. आमच्या लाईनीतल्या मुलींना तिचं महत्त्व सांगावं लागलं नाही. त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत राज्यभरातले फौजदार तयार होतात, त्यांचं दीक्षांत संचलन आमच्या गावचंच. ‘उडान’नंतर तिथल्या मुली आम्हाला वेगळ्या दिसू लागल्या. आमच्या शेजारची एक ताई पुढे पोलिसात भरती झाली, ती आजही कल्याणीचं नाव घेते.

आता दुसरी बाजू. त्या मालिकांनी बरंच लपवलं. कोठडीतली मारहाण, वरून येणारे फोन, पैसे घेणं, यांतलं त्यांत फारसं काही नव्हतं. सरकारी वाहिनीवर ते येणंही अवघड होतं. गुन्हा नेहमी उघडकीला यायचा. प्रत्यक्षात कित्येक तपास ‘ए समरी’ होऊन बंद होतात, म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी मिळाला नाही. नानांच्या मनात अशी एक केस अजून आहे, त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही इथे लिहिणार नाही. आणि हवालदार? तो फक्त सॅल्यूट मारायचा आणि गाडीचं दार उघडायचा. २००३च्या सिंहस्थात नाना रामकुंडावर बंदोबस्ताला होते. पावसात उभं राहून राहून पाय सुजायचे, घरी यायचे ते फक्त वर्दी बदलायला. बंदोबस्त म्हणजे पोलिसाच्या नोकरीचा केवढा मोठा भाग, पण त्यावर एक भाग कुणी केल्याचं मला आठवत नाही.

याबाबतीत आजचे काही लोक पुढे गेलेत हे मान्य केलं पाहिजे. २०१९ची ‘दिल्ली क्राइम’ मी नानांबरोबर पाहिली. झोप न झालेले शिपाई, घरून येणारे फोन, तपास करता करता खाल्लेला घास. नाना मधेच म्हणाले, “हे बरोबर आहे.” त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळणं अवघड. तेव्हा प्रश्न जुन्या-नव्याचा नाहीच. लिहिणारा ठाण्याच्या बाकड्यावर किती तास बसलाय, यावर सगळं ठरतं.

तुम्हाला यातली एकच बघायची असेल तर ‘उडान’ बघा, आणि घाई न करता बघा. आणि तुम्ही स्वतः काही लिहीत असाल तर एक विषय सुचवते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, आणि सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. रात्री दोन वाजता भद्रकालीत मोबाईल धरून उभा असलेला शिपाई, समोर सही करायला घाबरणारा पानवाला आणि बॅटरी पंधरा टक्क्यांवर. यावर कुणी मालिका काढली तर आमची अख्खी लाईन बघायला बसेल.