पित्तक्षारात मीठ घातलं तरी सीएमसी फारशी का उतरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एसडीएसच्या (सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थाच्या) द्रावणात मीठ घातलं की सीएमसी, म्हणजे ज्या संहतीला रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे पुंजके बनवू लागतात ती, धाडकन खाली येते, पण सोडियम कोलेट या पित्तक्षारात घातलं तर आकडा जेमतेम हलतो, आणि वाहकतेच्या आलेखात तर सीएमसी दाखवणारा मोडच सापडत नाही. प्रयोग चुकला का?

आकडा कमी हलला, ते बरोबरच आहे. मोड सापडला नाही, तो दोष पद्धतीचा. इथं कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, आणि दर वर्षी कुणीतरी हेच विचारत येतं.

गोंधळाचं मूळ म्हणजे आपण पित्तक्षाराला साबण समजतो. साबणाच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपटी असते. कोलेटचा रेणू असतो घराच्या छपरावरच्या जुन्या कौलासारखा: कडक आणि थोडा वाकलेला. बाहेरची फुगीर बाजू तेलकट, आतल्या खोलगट बाजूला तीन हायड्रॉक्सिल गट, आणि एका टोकाला ऋण प्रभार. अशी कौलं गोल गोळ्यात बसणार कशी? ती तेलकट पाठीला पाठ लावून दोन-दोन, चार-चारच्या जुडग्यांनी राहतात. एसडीएसच्या मायसेलमध्ये मात्र साधारण साठ रेणू असतात.

आता मीठ काय करतं ते बघा. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत माणसाला माणूस चिकटलेला असतो. एसडीएसच्या मायसेलवर ऋण डोक्यांची अशीच चेंगराचेंगरी असते. मिठातले सोडियम आयन मध्ये शिरले की ढकलाढकल कमी होते आणि मायसेल बनणं एकदम सोपं होतं. म्हणून शुद्ध पाण्यात 8 मिलीमोलरच्या आसपास असलेली सीएमसी 0.1 मोलर मिठात दीडवर येते. कोलेटचं जुडगं म्हणजे रंकाळ्याच्या कठड्यावर ऐसपैस बसलेले तिघे-चौघे. तिथं मुळात गर्दीच नाही, मग मीठ कुणाची सोय करणार? सोडियम आयनही अशा जुडग्याला फार थोडे चिकटतात. त्यामुळे सीएमसी आणि सोडियम, दोन्हींचे लॉग घेऊन आलेख काढलात तर एसडीएसची रेघ तीव्र उताराची येते आणि कोलेटची जवळजवळ आडवी. पृष्ठताणावरून काढलेले सीएमसीचे आकडे (मिलीमोलरमध्ये) असे आहेत: कोलेट पाण्यात 13, तर 0.15 मोलर सोडियममध्ये 11. डिऑक्सिकोलेट या दुसऱ्या पित्तक्षाराला एक हायड्रॉक्सिल कमी, म्हणून तो जास्त तेलकट. तो 10 वरून 3 वर येतो. पद्धत बदलली की हे आकडेही बदलतात. पित्तक्षारात मायसेल एका ठरावीक बिंदूला बनत नाहीत, हळूहळू बनत जातात. म्हणून एकच आकडा लिहिण्यापेक्षा पट्टा लिहा.

मिठाचा खरा प्रताप दिसतो तो आकारात. प्रभाराचा धाक 10 मिलीमोलर मिठात सुमारे 3 नॅनोमीटरपर्यंत पोचतो, 0.15 मोलरमध्ये 0.8 नॅनोमीटरपर्यंतच. म्हणजे रेणूच्या लांबीपेक्षाही कमी. मग छोटी जुडगी एकमेकांजवळ येतात आणि हायड्रॉक्सिलांच्या हायड्रोजन बंधांनी जोडली जाऊन मोठी होतात. प्राथमिक आणि दुय्यम मायसेलचं हे चित्र डोनाल्ड स्मॉल यांनी 1960 च्या दशकात मांडलं. त्याच्या तपशिलावर पुढे बरेच वाद झाले, पण डिऑक्सिकोलेटचे मायसेल मिठात जोरात वाढतात याबद्दल वाद नाही.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तेही फजिती होऊन. एकदा 7.2 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये डिऑक्सिकोलेट घेतलं, वर सढळ हातानं मीठ घातलं आणि झाकण लावून घरी गेलो. सकाळी कॉनिकल फ्लास्क तिरका केला तर आतलं हलेचना, खरवसासारखं थलथलत होतं. कुणीतरी चेष्टेनं अगार घातलं असणार असं वाटून मी दोघांवर ओरडलोसुद्धा. चूक माझीच होती: डिऑक्सिकोलेटचा आम्लांक (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रभार गेलेला असतो तो) साडेसहाच्या जवळपास असल्यानं त्या पीएचला काही रेणूंचा प्रभार गेलेला असतो, त्यात मिठानं उरलेला झाकला, आणि लांबच लांब दोरे विणले गेले. कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकून पीएच नऊकडे नेला तेव्हा ते पुन्हा पाण्यासारखं झालं.

आता तुमचा हरवलेला मोड. 0.15 मोलर मिठाची स्वतःचीच वाहकता सेंटिमीटरला 15 मिलीसिमेन्सच्या घरात. तुमचा 10 मिलीमोलर कोलेट त्यात एका मिलीसिमेन्सचीही भर घालत नाही. वर तापमान एका अंशानं हललं तरी वाहकता दोन टक्के सरकते, म्हणजे 0.3. मार्चमधल्या दुपारी वॉटर बाथशिवाय हे मोजायला बसणं म्हणजे जत्रेत टाचणी पडल्याचा आवाज ऐकणं. मीठ असताना पृष्ठताण घ्या किंवा पायरीन या तेलकट रेणूची प्रदीप्ती (प्रकाश टाकल्यावरची चमक) घ्या. पायरीन मायक्रोमोलरच्या आत ठेवा, कारण जास्त झालं तर तेच रेणूंना स्वतःभोवती गोळा करतं.

आणखी एक. बोअरचं पाणी चुकूनही वापरू नका. कॅल्शियम असलं की डिऑक्सिकोलेट पांढरा साका होऊन खाली बसतो. टॉरोकोलेट या पित्तक्षाराला तो त्रास नाही.

तुमच्या द्रावणाचा पीएच किती होता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, मग बाकीचं बघू.