पडदा हलला, हे कळतं कोणाला?

प्रश्न : ताई, माझा मुलगा तिसरीत आहे. कान आवाज कसा ऐकतो, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, कानात पडदा असतो, तो हलतो. त्यावर तो म्हणाला, "पण पडदा हलला, हे कळतं कोणाला?" मला उत्तर देता आलं नाही. घरातल्या वस्तूंनी हे कसं समजावू?
– एक आई, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुमच्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बहुतेक मुलं पडद्यापाशी थांबतात, हा त्याच्या पुढे गेला.

तरी सुरुवात पडद्यानेच करा. स्टीलच्या वाटीवर फुग्याचा तुकडा ताणून रबरबँडने घट्ट बसवा आणि वर चिमूटभर कोरडा रवा टाका. वाटीला न लावता शेजारी ताट धरून त्यावर पळीने जोरात ठोका. रवा उडेल. ताटाने हवा हलवली, हवेने फुगा. "कोणी हात लावला?" असं त्याला विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्याला शोधू द्या.

पडद्यामागे तीन हाडं असतात : हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोड्यावर बसताना पाय अडकवतो ती कडी. शरीरातलं हे सगळ्यात लहान हाड, जेमतेम 3 मिलिमीटरचं. मुलाच्या तळहातावर साबुदाण्याचा एक दाणा ठेवा, म्हणजे कळेल. ही हाडं हवीतच कशाला? कारण पुढे कानात पाणी आहे. पोहायला गेल्यावर तो पाण्यात बुडी मारतो, तेव्हा काठावरून मारलेली तुमची हाक त्याला नीट ऐकू येत नाही ना? हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळा माघारी फिरतो. म्हणून मोठ्या पडद्यावरचा जोर ही हाडं रिकिबीखालच्या इवल्याशा खिडकीवर एकवटतात, आणि मग आतलं पाणी हलतं.

आता त्याचा खरा प्रश्न. त्याला डोळे मिटायला सांगा आणि हातावरच्या लवीवर हळूच फुंकर घाला. कळलं ना लगेच? कानातलं ते पाणी शंखासारख्या वेटोळ्या नळीत असतं. या शंखात अशाच बारीक तंतूंच्या हजारो पेशी पाण्यात उभ्या असतात. तंतू वाकले की पेशी विजेचा संकेत देते, तो नसेतून मेंदूकडे जातो. कळतं ते मेंदूला.

लव उपटली तर पुन्हा येते, या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हे मुलाला स्पष्ट सांगा, लहान आहे म्हणून टाळू नका. माझ्या वर्गात एक मुलगा हाक मारली की मान वळवून उजवा कान पुढे करायचा. आम्ही त्याला बेशिस्त समजलो. सर्दीनंतर त्याच्या डाव्या कानात पडद्यामागे, हाडांभोवती एरवी हवा असते तिथे, पाणी साठलं होतं, हे सहा महिन्यांनी कळलं. त्याचा कान बरा झाला, पण ते सहा महिने मी अजून विसरलेले नाही. तुमचा मुलगा टीव्हीचा आवाज वाढवत असेल, "काय?" पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर कान तपासून घ्या. मनाने तेल मात्र घालू नका.

गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की त्याला घेऊन जा, पण लांब उभे राहा आणि कानांवर जाड इअरमफ घाला. जवळच्या ढोल-ताशाने मोठ्यांच्याही कानठळ्या बसतात, आणि मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी. ताशाचा कडकडाट शंखाच्या सुरुवातीलाच टिपला जातो, ढोलाचा ठोका पार आतल्या टोकाशी. घरी आल्यावर त्याला एक चकली द्या. कानातल्या शंखालाही तिच्यासारखेच वेढे असतात, अडीचपेक्षा थोडे जास्त. बाहेरच्या टोकावर ताशा, मधोमध ढोल. कुठला आवाज कुठे, ते त्याला बोटाने दाखवू द्या, मग खाऊ द्या.