हिवाळ्यातील सराव, न हटणारा थकवा आणि फेरिटिनची तपासणी

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत: नोव्हेंबरमध्ये ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल बसवून चालवायच्या यंत्रावर, जो जोर सहज निघत होता तो आता जानेवारीत निघत नाही, ऑफिसचा जिना चढताना धाप लागते, आणि घरात हीटिंग चालू असूनही हातपाय गार राहतात. त्यापुढे तुम्ही लिहिले आहे की क्लिनिकमध्ये हिमोग्लोबिन नॉर्मल निघाले, ‘नागपूरहून आलात, मिनेसोटाच्या थंडीची सवय व्हायला वेळ लागेल’ असे सांगण्यात आले, आणि आता तुम्हाला स्वतःच्या जिद्दीबद्दलच शंका येऊ लागली आहे. ऑगस्टमधील कोलोरॅडोतल्या लेडव्हिलच्या शंभर मैलांच्या माउंटन बाइक शर्यतीसाठी सोडतीत नाव लागलेले असताना मनाची ही अवस्था किती त्रासदायक असते, हे मला चांगले ठाऊक आहे, कारण याच मिनियापोलिस शहरात, याच शर्यतीची तयारी करताना, जवळजवळ याच शब्दांत माझी बोळवण झाली होती.

कपड्यांचे थर, आठवड्याचे वेळापत्रक, ट्रेनर कोणता घ्यावा याविषयी इतरांनी पुरेसे लिहिले आहे, म्हणून ते मी सोडून देते. माझे म्हणणे एकच आहे: सरावाच्या तक्त्यात काहीही बदल करण्यापूर्वी फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी, रक्ततपासणी करून घ्या. मी डॉक्टर नाही. तुमच्या थकव्याचे कारण थायरॉइड, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा आणखी काही असू शकते, आणि ते तपासणीनंतरच ठरेल. परंतु शाकाहारी, मासिक पाळी येणारी आणि आठवड्यातून पाच दिवस घाम गाळणारी स्त्री असे सांगत असेल, तर फेरिटिन न पाहता तिला घरी पाठवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

हिमोग्लोबिन हा स्वयंपाकघरातला डबा आहे आणि फेरिटिन ही माजघरातली कणगी. डबा कणगीतून रोज भरला जातो, म्हणून कणगीचा तळ लागेपर्यंत डबा भरलेलाच दिसतो. लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर, कधी कधी पुष्कळ उशिरा, खाली येते. मधल्या काळात अहवालावर सगळे ‘नॉर्मल’ असते, पण स्नायूंना लोह कमी पडत असते, कारण ऑक्सिजन वाहून नेण्याखेरीज पेशींत ऊर्जा तयार करण्याच्या क्रियेतही लोह लागते. थंडी सहन न होणे हेसुद्धा लोहाच्या कमतरतेचे एक ओळखीचे लक्षण आहे, आणि मिनियापोलिसच्या जानेवारीत ते लक्षण कोणालाही लक्षण वाटत नाही, हीच खरी अडचण आहे.

अहवालातील ‘नॉर्मल’ या शब्दाविषयीही सावध राहा. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांसाठी दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खालचे फेरिटिन ही कमतरता मानते, आणि अनेक प्रयोगशाळांची खालची मर्यादा याच्या आसपास, काहींची याहूनही खाली असते. खेळाडूंवर उपचार करणारे पुष्कळ डॉक्टर मात्र आकडा ३० ते ३५ च्या खाली गेला की लक्ष घालतात. त्यामुळे १७ किंवा १८ आकडा आला तर अहवालात त्यापुढे कोणतीही खूण नसेल, पण तुमच्या पायांना तो फरक जाणवत असेल. आणखी एक गोष्ट म्हणजे सर्दीतापात किंवा अंगात दाह असताना फेरिटिन वाढलेले दिसते. म्हणून ही तपासणी बरे असताना आणि आदल्या दिवशी कठीण सराव न करता करावी.

आता माझा सर्वाधिक वेळ कोठे गेला ते सांगते, कारण तुमचाही तेथेच जाण्याची शक्यता आहे. मी ज्या क्लिनिकमध्ये जात होते तेथे मी फेरिटिनचे नाव घेऊन तपासणी मागितली. पुष्कळ आर्जवानंतर त्यांनी ती लिहून दिली, परंतु मागणीपत्रावर कारण म्हणून ‘नेहमीची वार्षिक तपासणी’ असे नोंदवले. विमा कंपनीने त्यावर ‘वैद्यकीय गरज दिसत नाही’ असा शेरा मारून पैसे नाकारले, आणि तो नकार दिसताच क्लिनिकच्या हिशेब विभागाने पुढची तपासणी थांबवली. विमा कंपनीला फोन केला की ‘क्लिनिकने कारण दुरुस्त करून पाठवावे’ असे उत्तर मिळे, आणि क्लिनिकला फोन केला की ‘आम्ही बरोबरच पाठवले आहे, विमा कंपनीशी बोला’ असे सांगितले जाई. दर वेळी नवा माणूस, दर वेळी जन्मतारखेपासून सुरुवात, आणि फोन ताटकळत ठेवून वाजणारे तेच संगीत. थकवा आणि धाप ही लक्षणे मी प्रत्येक भेटीत सांगितली होती. ती कारणाच्या रकान्यात लिहिणे हे अर्ध्या मिनिटाचे काम होते. ते काम कोणी करेपर्यंत बर्फ वितळून गेले होते, माझा फेरिटिनचा आकडा एक अंकी झाला होता, आणि त्या वर्षीची शर्यत मला सोडावी लागली. प्रवेश शुल्क परत मिळाले नाही याचे मला फारसे दुःख नाही. एक पूर्ण हिवाळा मी स्वतःला आळशी समजत राहिले आणि ज्यांचे काम मला तपासणे हे होते त्यांनी तो समज पक्का होऊ दिला, याचा राग मात्र मला आजही येतो.

म्हणून भेटीच्या वेळीच, डॉक्टर समोर असताना, मागणीपत्रावर थकवा, धाप आणि थंडी सहन न होणे ही लक्षणे कारण म्हणून लिहिली आहेत ना, हे विचारा आणि त्याची प्रत मागून घ्या. नुसते हिमोग्लोबिन नको. संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे ते), ब १२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकाच वेळी सांगा. तरीही टाळाटाळ झाली, तर पदरचे पैसे भरून थेट प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याची सोय अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि एकट्या फेरिटिनचा खर्च एका बऱ्या टायरपेक्षा कमी असतो. तत्त्वासाठी विमा कंपनीशी भांडायचे असेल तर जरूर भांडा, पण रक्त आधी द्या.

तपासणीपूर्वी लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. काही लोकांच्या शरीरात लोह मुळातच जास्त साठते आणि त्यांना गोळ्या घातक ठरतात. शिवाय आपल्याकडे थॅलेसेमिया मायनर, म्हणजे एका आनुवंशिक रक्तदोषाचे सौम्य रूप, असलेली माणसे कमी नाहीत; त्यांच्या तांबड्या पेशी लहान दिसतात, आणि फेरिटिन न पाहताच लोहाची कमतरता समजून त्यांना वर्षानुवर्षे लोह दिले जाते. येथील डॉक्टरला हे सुचेलच असे नाही, तेव्हा घरात कोणाला असल्यास आपणहून सांगा.

कमतरता निघाली आणि गोळ्या मिळाल्या, तर त्या कशा घ्यायच्या हे मला कोणीही नीट सांगितले नव्हते. चहातील टॅनिन लोह नीट शोषू देत नाही, आणि आपण मात्र सकाळच्या चहाबरोबरच गोळी घेतो. गोळी आणि चहा-कॉफी यांत किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवा, दूध आणि कॅल्शियमही तेवढेच दूर ठेवा, आणि गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा संत्र्याबरोबर घ्या. जोरदार व्यायामानंतर काही तास शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडवते, म्हणून ट्रेनरवरून उतरल्यानंतर तीन-चार तासांनी घेतलेल्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. सकाळी व्यायामापूर्वी किंवा उतरल्यावर लगेच घेतलेली बरी. गोळीमुळेही हेप्सिडिन वाढते, त्यामुळे रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतले लोह अधिक शोषले जाते असे अभ्यासांत दिसले आहे, आणि पोटालाही ते सोसते. तुमच्या बाबतीत कोणते योग्य, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. अळिवाचे लाडू आईने पाठवले असतील तर आवडीने खा, त्यांत लोह खरोखरच चांगले असते. पण रिकामा झालेला साठा नुसत्या लाडवांनी आणि पालकाने एका हिवाळ्यात भरून येईल यावर माझा विश्वास नाही.

हे सगळे लेडव्हिलसाठी इतके महत्त्वाचे का, तेही सांगते. ते गाव सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे, शर्यतीचा वळणबिंदू कोलंबाइन सुमारे ३,८०० मीटरवर आहे, आणि आपले मिनियापोलिस जेमतेम २५० मीटरवर. १९९४ पासून चालत आलेल्या या शर्यतीत बारा तासांत परतावे लागते आणि चढ सगळा मिळून तीन हजार मीटरहून अधिक आहे. उंचीवर गेल्यावर शरीर नव्या तांबड्या पेशी बनवू लागते आणि त्यासाठी साठ्यातले लोह वापरते. साठाच नसेल तर आठ-दहा दिवस आधी तेथे जाऊन राहण्याचा खर्च बराचसा फुकट जातो. साठा भरायला आठवडे नव्हे, महिने लागतात. तुम्ही आज जानेवारीत आहात, ही मोठी जमेची बाजू आहे.

तोवरच्या सरावाबद्दल माझे मत ठाम आहे, काहींना ते पटणार नाही. साठा रिकामा असताना तीव्र इंटर्व्हल, म्हणजे थांबून थांबून पूर्ण जोर लावण्याचा सराव, करू नका. ट्रेनरचा तो प्रकार, ज्यात यंत्रच ठरलेला जोर तुमच्यावर लादते, सध्या बंद ठेवा, कारण थकलेल्या माणसाला त्यातून फक्त अपयशाची नोंद मिळते. गप्पा मारता येतील इतक्याच श्वासावर, नाडीकडे पाहून, सायकल चालवा, आठवड्यातून दोनदा वजने उचला आणि एवढ्यावर थांबा. अहवाल येईपर्यंत क्षमतेची चाचणी घेऊ नका. त्या आकड्याने मन खचते आणि कळत काहीच नाही.

आणि बाहेर जा. केवळ तळघरात चार महिने काढून डोंगरातल्या शर्यतीला उभे राहणे मला मान्य नाही, कारण तोल, ब्रेकचा अंदाज आणि निसरड्यावर अंग सैल ठेवण्याची सवय ट्रेनर देत नाही. इथल्या थिओडोर वर्थ पार्कमधील दाबून तयार केलेल्या बर्फाच्या वाटांवर भाड्याची फॅट बाइक, म्हणजे खूप रुंद टायरची सायकल, घेऊन गेलात तरी चालेल. टायरमध्ये हवा आश्चर्य वाटेल इतकी कमी ठेवावी लागते, चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), कधी त्याहूनही कमी. मागे खोल चर उमटत असेल तर हवा आणखी कमी करा, आणि तरीही उमटत असेल तर परत फिरा, कारण ती वाट कोणीतरी रात्री जागून तयार केलेली असते. पारा शून्याच्या वर गेला की त्या वाटांवर जाऊच नये.

उणे अठरा सेल्सिअसला ताशी चोवीस किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, आणि सायकलवर तुम्ही स्वतःच वारा निर्माण करत असता. हवामानाचा अंदाज पाहताना हे लक्षात घ्या. लोह कमी असताना बोटे आधीच गार असतात, म्हणून हँडलवर बसवायचे जाड हातमोजे, म्हणजे पोगी, आणि साध्या पेडलवर लोकरीचे अस्तर असलेले बूट यांवर खर्च करा. बाकी वस्तू नंतर घेता येतील. बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, नाकावर ओढून श्वास घ्या, नाहीतर कोरड्या गार हवेने छाती आवळते आणि धाप नेमकी कशाची हे कळेनासे होते. चिक्की उणे पंधराला दाताने तुटत नाही. खजूर आतल्या खिशात ठेवले तर मऊ राहतात. फार थंडीत पेडल मारले आणि मागचे चाक पकडेनासे झाले, तर घाबरू नका. फ्रीहबमधले, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यभागी पेडलचा जोर चाकाला देणाऱ्या भागातले, ग्रीस घट्ट होऊन आतले दात अडकायचे राहतात. दुकानात सांगून तेथे थंडीला चालणारे पातळ वंगण घालून घ्या. घरी आल्यावर सायकलवरचे रस्त्याचे मीठ त्याच दिवशी पुसा.

ड जीवनसत्त्वाचेही सांगून ठेवते. आपण ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत; येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्यप्रकाशाने त्वचेत ते जवळजवळ तयारच होत नाही, आणि सावळ्या त्वचेला एरवीही अधिक ऊन लागते. बर्फावर लख्ख ऊन पडलेले असले तरी त्यावर विसंबू नका.

उपचार सुरू झाले तर आठ ते बारा आठवड्यांनी फेरिटिन पुन्हा पाहा, आणि कोलोरॅडोला निघण्यापूर्वी जूनमध्ये आणखी एकदा, म्हणजे कमी असल्यास काही करण्याइतका वेळ हाती राहील. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. ताकद आधी परत येते, साठा नंतर भरतो. अहवाल आला की आकडे आणि त्यांची एकके येथे लिहा. विमा कंपनीने नकार दिला, तर अपिलाच्या ज्या पत्रावर शेवटी माझे काम झाले, त्याचा मसुदा माझ्याकडे आहे. तो मी तुम्हाला पाठवीन.