बायपास सांगितलेली असताना कोरोनाकाळात स्टेंट टाकला, ते चुकलं का?

तुमच्या वडिलांना हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज, २०२० मध्ये आधी बायपास सांगितली आणि मग स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) टाकले, म्हणून तुमचा जीव टांगणीला लागलाय. फसवणूक झाली असं लगेच समजू नका.

तेव्हाची परिस्थिती आठवा. बायपास म्हणजे छाती उघडणं, नंतर काही तास व्हेंटिलेटर, एक-दोन दिवस आयसीयू, एकूण आठवडाभर मुक्काम. नेमके हेच बेड आणि व्हेंटिलेटर कोरोनाच्या रुग्णांना लागत होते. शिवाय ऑपरेशनच्या आसपास संसर्ग झाला तर फुफ्फुसं सांभाळणं फार कठीण. स्टेंट टाकायची अँजिओप्लास्टी मात्र बहुतेकदा मनगटातून होते, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, एक-दोन दिवसांत घरी. ब्रिटनमध्येही त्या काळात बायपासच्या अनेक रुग्णांना स्टेंट दिले गेले. छातीत दुखत असताना महिनोन्‌महिने थांबण्यापेक्षा ते नक्कीच बरं.

पण वडिलांना मधुमेह आहे का? हे मी मुद्दाम विचारतोय. स्टेंट आणि बायपासची तुलना करणाऱ्या ‘फ्रीडम’ या २०१२ च्या अभ्यासात मधुमेह आणि अनेक ब्लॉकेज असलेल्यांमध्ये पाच वर्षांत स्टेंट गटात १६.३ टक्के, तर बायपास गटात १०.९ टक्के मृत्यू झाले. हा फरक लहान नाही. म्हणून जुनी अँजिओग्राफीची सीडी घेऊन कार्डिओलॉजिस्ट आणि हार्ट सर्जन, दोघांनाही दाखवा. त्रास परत सुरू झाला असेल तर बायपास आजही करता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, दात काढायचा असला तरी.