कोडच्या बाजूची ती बारीक पट्टी: ठेवायची की काढायची?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकाच विषयावरचे, म्हणजे व्हीएस कोडसारख्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये उजवीकडे दिसणाऱ्या बारीक पट्टीवरचे बरेच प्रश्न होते, म्हणून सगळे एकत्रच घेतलेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, लॅपटॉप जुना आहे, 1366 बाय 768 चा. व्हीएस कोड उघडलं की उजवीकडे सगळ्या फाईलचं बारीक चित्र दिसतं, त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. रूममेट म्हणतो बंद कर, जागा खातंय नुसती. पण व्हिडिओत बघावं तर सगळ्यांच्या स्क्रीनवर ते असतंच. ते नक्की कशासाठी आहे?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : त्याला मिनीमॅप म्हणतात, आणि व्हिडिओत सगळ्यांकडे दिसतो कारण व्हीएस कोडमध्ये तो आधीपासूनच चालू असतो, त्या लोकांनी मुद्दाम निवडलाय असं नाही. हा प्रकार खऱ्या अर्थाने लोकप्रिय केला तो 2008 च्या सब्लाईम टेक्स्ट या एडिटरने, मग व्हिज्युअल स्टुडिओ 2013 मध्ये स्क्रोलबारलाच मॅप मोड आला, व्हीएस कोडमध्ये 2017 ला आणि ॲपलच्या एक्सकोडमध्ये 2019 ला.

आता तुझ्या स्क्रीनचा हिशोब करू. मिनीमॅपमध्ये एका अक्षराला साधारण एक पिक्सेल रुंदी मिळते आणि एका ओळीला दोन पिक्सेल उंची, त्यामुळे ते वाचता येणारच नाही, ते वाचायला दिलेलंच नाहीये. रुंदी जास्तीत जास्त 120 कॉलमची, म्हणजे 120 पिक्सेल धर. 14 च्या फॉन्टमध्ये खरं अक्षर साधारण 8 पिक्सेलचं असतं, म्हणजे तू त्या पट्टीसाठी कोडची पंधराएक अक्षरं देतोयस, आणि डावीकडे फाईलींची यादी उघडी असेल तर आधीच जागा कमी, त्यात ही पंधरा अक्षरं गेली की लांब ओळी आडव्या सरकवत बसावं लागतं. उंचीचंही तसंच, मेन्यू टर्मिनल वगैरे जाऊन 600 पिक्सेल उरले असं मानलं तर 300 च्या आसपास ओळी त्यात मावतात, फाईल त्याहून मोठी असेल तर मिनीमॅप स्वतःच सरकायला लागतो. म्हणजे पूर्ण फाईल एका नजरेत दिसते म्हणून तो ठेवायचा तर मोठ्या फाईलीसाठी मूळ सेटिंगमध्ये तुझ्या स्क्रीनवर तेही होत नाही.

तेव्हा रूममेटचं ऐक, बंद कर. कंट्रोल शिफ्ट पी दाबून टॉगल मिनीमॅप टाईप केलं की झालं. आणि कॉलेजच्या असाइनमेंटच्या फाईली शे-दीडशे ओळींच्या असतात, त्याला नकाशा लागतच नाही.

पण एक लक्षात ठेव, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मिनीमॅप बंद केल्यावरही स्क्रोलबारच्या जागेवर रंगीत खुणा राहतात, त्यांना ओव्हरव्ह्यू रूलर म्हणतात. त्या खुणा नीट बघायला शीक. डाव्या कडेला गिटमधले (कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधले) बदल, मधोमध सर्चचे रिझल्ट आणि कर्सरखालचा शब्द आणखी कुठेकुठे आलाय ते, आणि उजव्या कडेला एरर-वॉर्निंग. समजा एका व्हेरिएबलवर कर्सर ठेवलास आणि वरती एकच खूण आणि खाली तळाला चार खुणा दिसल्या, तर कळतं की वर डिक्लेअर केलंय आणि वापर सगळा खाली आहे, एक ओळही न सरकवता. हे काम बारीक चित्राचं नाही, खुणांचं आहे. लोक मिनीमॅप उपयोगी आहे म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा ते या खुणांबद्दलच बोलत असतात असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी पिंपरीत एका कंपनीत आहे, एक जुना पीएचपीचा प्रोजेक्ट अंगावर आलाय, त्यात काही फाईली तीन-साडेतीन हजार ओळींच्या आहेत. मला मिनीमॅपचा फार उपयोग होतो, पण आमचे सीनियर म्हणतात की ज्याला कोड समजत नाही त्यालाच तो लागतो, शॉर्टकट शिका. मी बंद करावा का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : अजिबात बंद करू नका. तुमची केस हीच मिनीमॅपची खरी केस आहे.

ही कल्पना मुळात आली कुठून ते बघा. 1992 मध्ये बेल लॅब्जच्या स्टीफन आयक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीसॉफ्ट नावाच्या टूलवर पेपर लिहिला, त्यात कोडची प्रत्येक ओळ म्हणजे एक बारीक रंगीत रेघ, आणि एका स्क्रीनवर 50,000 ओळी दिसायच्या. रंग कशाचा, तर ती ओळ अलीकडे बदलली की जुनीच आहे त्याचा. प्रचंड मोठा, अनेक माणसांनी अनेक वर्षं लिहिलेला कोड समजून घ्यायचा होता त्यांना, म्हणजे तुमच्यासारखीच अडचण. पुढे 2006 ला मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या रॉबर्ट डीलाईन यांच्या टीमने कोड थंबनेल्स म्हणून प्रयोग केला, तो सगळा जागेच्या आठवणीवर आधारलेला. पुस्तकातली आकृती डाव्या पानावर खाली होती एवढं आठवतं ना, पान नंबर आठवत नसला तरी, तसंच त्या फाईलमधल्या मोठ्या क्वेरीचा भाग कुठे आहे हे आकारावरून लक्षात राहतं.

आणि जुन्या कोडचे आकार बोलतात हो. खोल खोल इफमध्ये इफ असलेला भाग उजवीकडे सरकत जातो आणि पुन्हा मागे येतो, बाणाच्या टोकासारखा, तो मिनीमॅपवर लांबूनच कळतो आणि बग बहुतेक तिथेच मिळतो. कुणीतरी कमेंट करून ठेवलेले दोनशे ओळींचे तुकडे एका रंगाचा सलग पट्टा म्हणून दिसतात. एकाखाली एक तीन सारखेच आकार दिसले तर समजायचं की फंक्शन कॉपी-पेस्ट केलंय आणि एका ठिकाणी दुरुस्ती केली तर बाकीच्या दोन ठिकाणी बघावी लागणार. हे कुठलाही शॉर्टकट सांगत नाही.

तुमच्या सीनियरची एक बाजू मात्र घ्यायला हवी. नाव माहीत असलेल्या जागी जायला मिनीमॅपवर क्लिक करत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे, दोन पिक्सेलच्या ओळीवर माऊस नेमका बसत नाही, दहा-वीस ओळी मागेपुढे होतंच. तिथे कंट्रोल शिफ्ट ओ दाबायचं, फंक्शनच्या नावाची तीन अक्षरं टाकायची आणि एंटर. डेफिनिशनला जायला एफ 12. हे हाताला बसवाच. पण नाव माहीत असेल तर ना! ज्या फाईलमध्ये काय आहे हेच माहीत नाही, तिथे शोधायचं काय टाईप करून? म्हणून दोन्ही ठेवा, आणि कोड न समजणाऱ्यालाच लागतं हे बरोबर असेल तरी त्यात कमीपणा कसला, दुसऱ्याचा तीन हजार ओळींचा कोड पहिल्या आठवड्यात कुणालाच समजत नाही.

दोन सेटिंग्ज बदलून बघा. मिनीमॅपचा साईझ आधीपासून प्रपोर्शनल असतो तो फिट करा, मग कितीही मोठी फाईल असली तरी पट्टी सरकत नाही आणि जागेची आठवण पक्की बसते, हा बदल फार मोलाचा आहे. दुसरं म्हणजे रेंडर कॅरेक्टर्स बंद करा, अक्षरांच्या ठिपक्यांऐवजी सरळ ठोकळे येतात, आकार जास्त स्वच्छ दिसतात. शिवाय 2024 पासून व्हीएस कोडमध्ये कमेंटमध्ये मार्क हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहून पुढे कोलन आणि नाव दिलं की ते नाव मिनीमॅपवर वाचता येईल असं मोठं उमटतं (एक्सकोडवाल्यांना ही सोय आधीपासून आहे). जसजसा एकेक भाग समजेल तसतशी एकेक कमेंट टाकत जा, तुमच्यानंतर त्या फाईलवर येणारा माणूस दुवा देईल.

प्रश्न : आमच्या टीममध्ये सगळा कोड फॉरमॅटरमधून (मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या टूलमधून) जातो आणि फाईल दोनशे ओळींच्या वर गेली तर रिव्ह्यूमध्येच अडवतात. मिनीमॅप चालू आहे पण मी त्याकडे कधी बघतच नाही. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : काही चुकत नाहीये. फॉरमॅटरने सगळ्या फाईलींचा तोंडवळा सारखा होतो, फाईली छोट्या, मग आकारावरून ओळखण्यासारखं उरतं काय. तुमच्याकडे फाईलच्या आत फिरण्यापेक्षा या फाईलमधून त्या फाईलमध्ये उड्या जास्त मारायच्या असतात आणि मिनीमॅप एकाच फाईलचा असतो. बंद करा. त्याऐवजी स्टिकी स्क्रोल चालू आहे का बघा, 2022 ला आलेली ही सोय आहे, तुम्ही ज्या क्लासमध्ये आणि फंक्शनमध्ये आहात त्यांच्या पहिल्या ओळी वर चिकटून राहतात. मी कुठे आहे या प्रश्नाचं उत्तर त्यात अक्षरांत मिळतं.

प्रश्न : मी इंटेलिजे हा एडिटर वापरते, त्यात मिनीमॅप दिसत नाही. प्लगइन टाकू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोडग्लान्स नावाचं प्लगइन आहे, हवं तर टाकून बघा. पण आधी उजवीकडची एरर स्ट्राईप वापरून बघा, तिथे एरर, वॉर्निंग, सर्च सगळ्याच्या खुणा असतात आणि खुणेवर माऊस नेला की तिथला कोडचा तुकडा वाचता येईल अशा अक्षरात तिथल्या तिथे दिसतो. मला स्वतःला हा प्रकार मिनीमॅपपेक्षा सरस वाटतो, कारण जागा न खाता खरा मजकूर दाखवतो.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजला पायथन शिकवतो, प्रोजेक्टरवर. मुलांसाठी मिनीमॅप ठेवावा का?
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : नको सर. मागच्या बाकावरच्या मुलाला कोड मोठा दिसणं जास्त गरजेचं आहे आणि शिकवताना सर्च केलं किंवा स्क्रोल केलं की ती पट्टी हलते, मुलांची नजर तिकडेच जाते. पट्टी काढा, कंट्रोल प्लसने झूम करा, आणि एरर आली की स्क्रोलबारवरची लाल खूण मात्र आवर्जून दाखवा, तिथे क्लिक करून एररपर्यंत कसं जायचं ते पहिल्याच तासाला मुलांकडून करून घ्या.