टायमिंग चेन खराब होऊ नये म्हणून काय करावं? सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड येते

तुमची गाडी छोटी आहे, सत्तर हजार किलोमीटर झालेत, घेताना 'चेन आहे, बेल्टसारखी बदलावी लागत नाही' असं सांगितलं होतं आणि आता सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड येते. मी इंजिनं खोलायचंच काम करतो, म्हणून आधीच सांगून टाकतो: टायमिंग चेनची, म्हणजे क्रँकची (पिस्टन फिरवतात तो दांडा) गती कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) देणाऱ्या साखळीची, वेगळी अशी निगा राखताच येत नाही. तिला ग्रीस लावता येत नाही, ताण हाताने कमी-जास्त करता येत नाही. कव्हरच्या आत ती पूर्णपणे ऑइलच्या जिवावर असते. त्यामुळे तुमचा प्रश्न मी ऑइलचाच प्रश्न धरतोय.

'चेन ताणली' असं आम्हीही म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिचं भोक झिजतं, एवढंच. समजा १२० सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा जेमतेम ०.०१ मिलिमीटर झिजला, तरी लांबी १.२ मिलिमीटरने वाढली. जुनी आणि नवी चेन कुशीवर वळवून एका टोकाला धरून बघा. नवी बऱ्यापैकी आडवी राहते, जुनी धनुष्यासारखी खाली वाकते. चेन अशी लांबली की कॅम उशिरा फिरायला लागतो. फारच सैल झाली तर ती स्प्रॉकेटचा, म्हणजे तिच्या दातेरी चाकाचा, दात सोडते, आणि बहुतेक छोट्या इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

ही झीज करते ती ऑइलमधली काजळी. डिझेलमध्ये ती असतेच, डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) पेट्रोल इंजिनातही भरपूर होते. बारीक कण पिनेपाशी जाऊन घासण्याच्या पेस्टसारखं काम करतात. इंजिन ३००० आरपीएमवर तासभर चाललं की क्रँकच्या १,८०,००० फेऱ्या होतात आणि तेवढ्या वेळ ही घासाघीस चालू राहते. त्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जात असेल तर ऑइल नीट तापतच नाही. त्यात उतरलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही, ऑइल पातळ पडतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते बहुतेक वेळा इंधन असतं.

माझा अनुभव सांगतो. एक गाडी चेन तुटायच्या बेतात असताना आली. मालक चांगला माणूस, सर्व्हिस बुकात एकही शिक्का चुकलेला नाही. सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट काढला, तर साडेतीन लिटरच्या जागी दीड लिटर काळं, पाण्यासारखं ऑइल निघालं. ऑइल पंपाच्या जाळीत गाइडच्या (चेन जिच्यावरून सरकते त्या पट्टीच्या) प्लास्टिकचे तपकिरी तुकडे अडकलेले होते. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वर्षभरात कुणी डिपस्टिक ओढूनच पाहिली नव्हती. छोट्या इंजिनात ऑइल मुळातच कमी असतं, त्यातलं लिटरभर जळालं तरी उरलेल्यावर जवळजवळ दीडपट भार येतो. म्हणून दर दोन आठवड्यांनी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पातळी बघा. तुम्ही स्वतः करण्यासारखं यापेक्षा मोठं काम दुसरं नाही.

ऑइल कधी बदलावं? मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, ते पान कुणी वाचत नाही. ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या, धूळ हे सगळं त्यातच येतं. मी स्वतः पंधरा हजारांचं अंतर असलेल्या इंजिनात सात-आठ हजारांवर किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, बदलतो. ग्रेड मात्र मॅन्युअलमधलीच. आवाज दाबायला जाड ऑइल टाकून देणारे भेटतील तुम्हाला. थंड इंजिनात जाड ऑइल टेन्शनरपर्यंत (चेन घट्ट ठेवणाऱ्या भागापर्यंत) उलट उशिरा पोचतं.

आता तुमच्या खडखडीकडे येतो. चेन घट्ट ठेवणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, सकाळी प्रेशर येईपर्यंत चेन गाइडवर आपटते. कधी कारण साधं असतं: ऑइल फिल्टरमध्ये ऑइल मागे येऊ न देणारी रबरी झडप असते, हलक्या फिल्टरची ती नीट बसत नाही. म्हणून आधी चांगला फिल्टर आणि योग्य ग्रेडचं ऑइल टाकून आठवडाभर ऐका. स्टार्ट झाल्या झाल्या ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, दहा-पंधरा सेकंद तिला तशीच राहू द्या. चढ-उतारावर गाडी नुसती गिअरमध्ये टाकून सोडू नका, हँडब्रेक आधी ओढा. ऑइलचं प्रेशर नसताना इंजिन उलटं ढकललं गेलं की काही इंजिनांत चेन दात सोडते. ढकलस्टार्टही त्याच कारणाने टाळा.

एवढं करूनही खडखड रोज दोन सेकंदांच्या वर टिकली, तर नुसती निगा राखून भागायची वेळ टळून गेलीय, चेन तपासून घ्या. गॅरेजमध्ये गाडी गरम पोचते आणि आवाज गायब होतो, त्यामुळे सकाळी बॉनेट उघडून मोबाइलवर व्हिडिओ काढा किंवा गाडी रात्रभर तिथेच ठेवा. स्कॅनरला पी००१६ हा कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, तर चेनचा संशय पक्का धरा. सेन्सर आणि व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) मात्र तपासायला लावा, तोच कोड त्यांच्यामुळेही येतो.

बदलायचीच ठरली तर चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट एकदमच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. कव्हर लावण्याआधी मेकॅनिकला क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायला सांगा, शक्य असेल तर समोर उभे राहा. कुठे अडलं तर तिथेच कळतं.

व्हिडिओ आणि स्कॅनरवरचं कॅमचं रीडिंग मिळालं तर इथेच टाका, बघून सांगतो.